माल : घरगुती

पिरंगुटच्या घाटात, दुसऱ्या वळणावर
आमच्या कमांडरनं मान टाकली.
आधी वास आला.
ब्रेकचा नव्हे, निरंजन म्हणाला, क्लच प्लेट.
आणि हे अशा समाधानानं म्हणाला
की निदान बरोबर आलं म्हणजे रोगी उठून बसतो.

मागे ट्रेलर.
भोसरीच्या शेडमध्ये सव्वादोन वर्षं, रविवार-रविवार करत जुळवलेला.
आत चार बंक, घडीचा ओटा, जाळीची खिडकी,
दारावर ऋजुतानं रंगवलेली गोगलगाय.
"सहाशे किलो, फार तर साडेसहाशे,"
हे त्यानं माझ्या मावसभावाच्या लग्नात
अनोळखी माणसालाही सांगितलं होतं.

ओजसनं चाकांमागे दगड लावले.
मी मागच्या गाड्यांना हात करत उभी.
शनिवारचे लोक काच खाली करून
गोगलगायीचा फोटो काढत होते
आणि काच वर करून जात होते.

विटा उतरवून परतणारा ट्रॅक्टर तेवढा थांबला.
त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं.
कोथरूड.
"मग तुम्ही अजून घरीच आहात की!"

आधी जीप ओढली, मग ट्रेलर.
तोवर अंधार पडलेला,
आणि त्या सगळ्या चढउतारात सपाट जागा एकच,
शेडग्यांचा वजनकाटा.
ट्रेलर त्यावर टेकला मात्र,
केबिनमधले लाल आकडे कुणी न विचारता पेटले:
अकराशे ऐंशी.

ओजस काहीतरी बोलणार होता.
मी त्याच्या पायावर पाय दिला.
निरंजन चष्मा पुसून पुन्हा बघून आला.
"काटा बिघडलाय का हो?"
शेडगे चहा ओतता ओतता थांबले.
"सरकारी शिक्का आहे, साहेब."

मग उतरवायला लागलो.
दुसरी बॅटरी. तिसरी बॅटरी.
(तिसरी कधी आली, मला माहीत नव्हतं.)
त्याच्या वडिलांचा बाकाचा व्हाइस, कॅम्पला, कशासाठी ते तोच जाणे.
लोखंडी खुर्च्या, बिडाचा तवा, पाण्याचे कॅन,
आणि पंचवीस किलो तांदूळ.
हा कुणी भरला, असं मी आवाज चढवून विचारलं
आणि विचारता विचारताच आठवलं, कुणी ते.
आकडा उतरत गेला हट्टी तापासारखा,
दहा-दहानं, मध्येच पुन्हा चढत,
कारण ओजस मुद्दाम काट्यावर पाय ठेवत होता.

"मला पण," ऋजुता म्हणाली.
ट्रेलर बाजूला ढकलून तिला एकटीला मधोमध उभं केलं.
शून्य.
तिनं उडी मारली. शून्य.
चाळीसच्या खालचं काट्याला समजत नाही, शेडगे म्हणाले.
"मी नाहीचे!" असं ओरडत ती यार्डभर पळाली
आणि आम्ही तिघं तिला
ती समोर दिसत असताना
बराच वेळ शोधत राहिलो.

खिचडी त्याच तांदळाची.
शेडगे जेवले, त्यांचा कुत्रा जेवला.
रात्रभर खडीचे हायवा येत-जात राहिले,
दर वेळी जमीन किंचित दबायची
आणि बंकमधून कळायचं, किती टन.
पाण्याकाठचं चांदणं मुळशीलाच राहिलं.
वरच्या बंकवरून निरंजन एकदाच म्हणाला,
"चासीच जड झाली गं."
मी झोपले असल्याचं दाखवलं.

पौडचा खंडू मारणे आठ म्हणून साडेदहाला आला,
गाडीखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला,
"एवढं ओढली म्हणजे गाडी चांगलीये."
दोघांच्यात मग गोडी झाली.

निघताना शेडग्यांनी पावती फाडली. पद्धत असते.
भरलेलं अकराशे ऐंशी, रिकामं आठशे दहा,
निव्वळ तीनशे सत्तर.
"माल काय लिहू?"
निरंजननं आमच्याकडे पाहिलं,
खुर्च्यांकडे, व्हाइसकडे, उरलेल्या तांदळाच्या गोणीकडे.
"घरगुती लिहा."

पावती माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.
परवा सोसायटीत कुणीतरी ट्रेलरभोवती फिरत विचारलं,
किती वजन हो याचं?
"सहाशे," तो म्हणाला. "फार तर साडेसहाशे."
मी पर्सची चेन ओढली
आणि विचारलं, चहा घेणार का.